घरमालकांचं रक्त

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या जुन्या शेजारणीचा फोन आला. "अगं, आपले घरमालक गेले गं," ती म्हणाली.

"म्हणजे अजून होते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिला ते नुसतं आश्चर्य वाटलं असावं. ती सांगत राहिली. नव्वदी केव्हाच ओलांडली होती, दात शेवटपर्यंत स्वतःचे, आदल्या दुपारी तळलेली सुरमई झाली, वर दोन हापूस झाले, हात धुऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. "पुण्यवान माणूस," ती म्हणाली. मी "हो ना" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नव्हतं. पूर्वी त्यांना ओटीवर जेवताना पाहून वाटायचं तेच वाटलं होतं. माणूस गेला तरी मला त्याच्या मरणाचा हेवा वाटत होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी सांगणाऱ्यांतली नाही. शाळेत वर्गापुढे बोलायचं तेवढं बोलले, घरी आल्यावर तोंड मिटलं. पण आता घरमालक गेले, माझे यजमान तर कधीच गेले. यांचं नाव घ्यायची सवय मला शेवटपर्यंत लागली नाही, तेव्हा इथेही मी 'हे' म्हणेन ते त्यांनाच. ज्या दोघांपासून लपवायचं, ती दोन्ही माणसं संपली. आता लपवून काय करू?

घरमालक मूळचे मालवणकडचे. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर कापड विणण्यात, उभा जन्म गेला. मोठ्या संपाच्या आधीच निवृत्त झाले आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावर चार खोल्यांची बैठी चाळ बांधून बसले. बायको वारलेली. टोकाची खोली त्यांची, तिला लागून आमची. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि हळू बोललं तर जगात कुणालाच ऐकू जात नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी नुसती जांभई दिली तरी खालच्या बसस्टॉपवरची माणसं मान वर करून बघायची.

खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा नोकरी कुठे, गाव कुठलं, त्यांनी काही विचारलं नाही. यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी खातास काय?"

"वरण-भात, पोळी-भाजी," हे म्हणाले. "आम्ही शाकाहारी आहोत."

घरमालकांनी यांचा दंड चाचपून पाहिला. मग खऱ्या काळजीने म्हणाले, "मगे भांडतलास कशे?"

हे हसले. भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पोरगी दोन वर्षांची होती, पण यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या हेव्याची सुरुवात शोधायची झाली तर ती तिथे सापडेल.

घरमालक जेवायचे ओटीवर, सगळ्यांच्या देखत. उघडे, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, खाली पाट. स्वयंपाक स्वतःच करायचे. रविवारी पहाटे पिशवी घेऊन बसने देवनारच्या कत्तलखान्यापाशी जायचे आणि बोकडाचं काय काय घेऊन यायचे. दुपारी खोबरं-कांद्याचं वाटप भाजल्याचा वास आमच्या स्वयंपाकघरात असा शिरायचा की फोडणीला टाकलेली माझी मोहरी मलाच ओळखू यायची नाही. ताट पुढ्यात आलं की ते एकेक जिन्नस मोठ्याने पुकारायचे. "काळीज! भेजा! पाये!" जणू हजेरी घेताहेत. रश्श्यावर लाल तवंग तरंगत असायचा. वाटी तोंडाला लावून आधी तो तवंग प्यायचे, मग मिशा पुसायच्या, मग बोटांच्या पेरांनी स्वतःच्या छातीवर टकटक करायची, नारळ पारखतात तशी. "वाजता बघ! खणखणीत!"

आणि ते कुणाला दाखवायचं? तर कुणालाही. दुधवाल्याला, पोस्टमनला, मीटर बघायला आलेल्या माणसाला.

आमच्याकडे ते न विचारता शिरायचे आणि पातेल्यावरचं झाकण उचलायचे. "काय गो मास्तरणी, आज पुन्ना दुधी?" मी झाकण परत ठेवायची. वर ते म्हणायचे, "त्या दुधयाकपण आपलीच कीव येता."

यांना पहिला झटका आला तेव्हा हे चौतीस वर्षांचे होते. ऑफिसात फाईल काढायला वाकले ते खालीच बसले. वाचले. पण त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला, हा माणूस राहणार की जाणार. यांचे वडील एक्केचाळिसाव्या वर्षी गेले होते, काका त्याहून लवकर. सासूबाई म्हणायच्या, नजर लागली घराला. जवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चरबी फार आहे म्हणाले, तेल-तूप बंद करा. मी तेल-तूप बंद केलंच, शिवाय साय, लोणी, नारळ, शेंगदाणे, अंडं घातलेलं बिस्किटसुद्धा बंद केलं. पोळीला तेलाचा हात लावायचा नाही. भाजी पाण्यात शिजवायची. हे कधी तक्रार करायचे नाहीत. ताटातलं निमूट संपवायचे आणि "छान झालं होतं" म्हणायचे. ते "छान" मला ऐकवत नसे.

आणि भिंतीपलीकडे पासष्टी उलटलेला म्हातारा तवंग पीत होता.

त्यात पाण्याचं. नळ उताराच्या तळाशी, आणि यांना ओझं उचलायची बंदी. मी दोन खेपा करून दमून जायची. एक दिवस बघते तर घरमालक खांद्यावर एक हंडा, हातात एक, असे चढ चढून आले आणि आमच्या दारात पाणी ठेवलं. धाप नाही, घाम नाही. हे दारात खुर्चीवर बसले होते. "मालक, कशाला तुम्ही?" हे संकोचून म्हणाले.

"गप रवा रे सायबा. माका व्यायाम!"

रोज आणू लागले. मी आभार मानायला हवे होते. मी मात्र त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत राहायची. सुपारीच्या झाडासारख्या कडक पोटऱ्या. मनात यायचं, कुणासाठी ठेवलंय देवाने हे एवढं? मागे ना बायको, ना लहान पोर. एकदा तरी चढावर त्या म्हाताऱ्याला कळ यावी, थांबावं, छाती धरावी. हे मी मनात म्हटलेलं आहे. एकदा नव्हे. आणि त्यांनीच आणलेल्या पाण्याने त्या वेळी कणीक मळत होते.

संध्याकाळी ऑफिसातून आले की हे पलीकडे जाऊन बसायचे. तासतासभर. तिकडून घरमालकांचा आवाज आणि यांचं हसू. परत आले की कपड्यांना रश्श्याचा वास. मी काय समजायचं ते समजले. एका रविवारी मला राहवलं नाही. घरमालक ओटीवर जेवत होते, शेजारी हे. मी सगळ्या चाळीसमोर ओरडले, "मालक, तुम्हाला लाज नाही वाटत? आजारी माणसाला हे खाऊ घालता? पचतंय म्हणून डोळ्यांवर चरबी चढलीय तुमच्या!"

कधी आवाज न चढवणारी मी. शेजारणी दारांत आल्या. घरमालक उठले. माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले, उष्ट्या हाताचं बोट लांब धरून दुसऱ्या हाताने डोळ्याची पापणी खाली ओढली. "खय आसा? दाखव माका. बघ, बघ नीट!" पांढरेशुभ्र डोळे, लहान मुलासारखे. मग यांच्याकडे हात करून त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "चरबी तुझ्या घोवाच्या डोळ्यांर इली हा, ती बघ आदी!"

कुणीतरी हसलं. माझ्या साध्यासुध्या नवऱ्याला, जो कुणाशी कधी चढून बोलला नाही, त्याला हा माणूस माजलेला म्हणतो! मी यांच्या दंडाला धरून घरात ओढून आणलं. "ते तसं म्हणाले नाहीत गं," हे म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्यानंतर कितीतरी महिने मी घरमालकांशी बोलले नाही. त्यांनी आणलेलं पाणी मात्र वापरत होते.

पुढच्या वर्षी यांना पुन्हा दुखायला लागलं म्हणून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी यांना खिडकीपाशी नेलं, डोळे मिटायला लावले, आणि पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "हे पिवळट डाग कधीपासून?" मग टाचेमागची शीर चाचपली. ती जाड होती, दोरखंडासारखी. चपला लागतात म्हणून हे नेहमी कुरकुरायचे. "वडिलांच्या डोळ्यांवर होतं असं काही?"

"होतं की," हे म्हणाले. "आई म्हणायची, लक्ष्मीचं बोट लागलंय."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "ही चरबी आहे, बाई. रक्तात मावेना म्हणून अशी बाहेर दिसते."

मला घरमालकांचा उष्टा हात दिसला. मी मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. रक्तातली चरबी ओढून घेण्याचं काम यकृताचं, ते काम यांच्या अंगात जन्मापासून अर्धंच चालतं. बापाकडून आलंय, बापाला त्याच्या आईबापांकडून. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात अंडं फोडलेलं पाहिलं नव्हतं.

"मग मी करते ते जेवण?" मी विचारलं.

"ते चालूच ठेवा. थोडा उतार पडेल. पण मूळ ताटात नाही." आणि मग म्हणाल्या, "मुलीचंही रक्त तपासून घ्या. आलं असेल किंवा नसेल, दोन्ही तितकंच शक्य आहे."

आजच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. पाण्यात ढवळून प्यायची वाळूसारखी एक पूड होती. ती पिऊन यांना मळमळायचं.

हे सगळं यांनी पलीकडे जाऊन सांगितलं. घरमालक चवताळले. "माझा पण रगात काढा! कळू दे, खरा काय ता!" यांना पुन्हा रक्त द्यायचंच होतं, हे त्यांना स्टेशनजवळच्या लॅबमध्ये घेऊन गेले. लॅबवाल्या मुलाने आदल्या दिवशी बजावलं होतं, "आजोबा, उद्या उपास करून यायचं हां." घरमालक सकाळी आले ते मिशीला काहीतरी चिकटलेलं. मुलाने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"खाणार कसा? उपास म्हणालास ना रे?" घरमालक म्हणाले. "साबुदाण्याची खिचडी, वायच तूप घालून. रताळी उकडलेली. दाण्याचो लाडू. मीठसुद्धा उपासाचा."

मुलाने कपाळाला हात लावला. "अहो उपास म्हणजे उपाशी!"

"मगे उपाशी म्हण! उपास कित्याक म्हणतंस, मेल्या? जन्मात पयलो उपास केलंय तुझ्यासाठी!"

"वाट लागली," मुलगा म्हणाला, पण हसत हसत रक्त घेतलंच त्याने.

ही गोष्ट सांगताना हे घरी आडवे होऊन हसत होते. मी पण ओठ दाबले. मग दोघांचं उत्तर आलं. खिचडी, तूप, लाडू पोटात घेऊन गेलेल्या त्या म्हाताऱ्याची चरबी इतकी कमी की यांची त्यांच्या तिप्पट भरली. डॉक्टरबाईंना यांनी सांगितलं तर त्या म्हणाल्या, काही घराण्यांत हेही असतं, उलटं. काही खाल्लं तरी रक्तात साठत नाही. तो त्यांचा वारसा. त्यांचं बघून कुणी खायला जाऊ नये.

वारसा. मी तो शब्द पोळ्या लाटताना मनात घोळवत राहायची. जमीन नाही, दागिना नाही, कुणी मिळवलेलं नाही, कुणाकडून हिसकावून घेता येत नाही. नुसतं जन्माला यायचं आणि छाती वाजवून दाखवायची. आधी निदान मला घरमालकांचा राग धरता येत होता, की हा माणूस यांना मारतोय. आता तोही आधार गेला. राहिला नुसता हेवा.

त्या दिवसांत एकदा घरमालक पाण्याचा हंडा ठेवून दारातच घुटमळले. अबोला मोडायचं काम त्यांनीच केलं. "मास्तरणी, तुका एक सांगतंय. तो माझ्याकडे खाणा नाय गो. कधीच खाल्ल्यान नाय. मी जेवतंय, तो बघता."

"मग येतात कशाला तुमच्याकडे?"

त्यांनी खांदे उडवले. "वास घेवक. आणि माका बोलाक माणूस नाय, त्याका माहीत आसा."

मी विश्वास ठेवला नाही असं दाखवलं. ठेवला होता. हे माझ्या नियमातला एकही घास चुकले नव्हते. तरी मी यांना म्हटलं, "तिकडे जाऊन बसू नका. वासाने इच्छा होते." हे "बरं" म्हणाले आणि आठवडाभर गेले नाहीत. संध्याकाळी आमच्या दोन खुर्च्या, मध्ये रेडिओ, आणि भिंतीपलीकडे घरमालक एकटेच पुकारताहेत, "काळीज! भेजा!" आवाज मुद्दाम आमच्या बाजूला. हे कान देऊन ऐकायचे आणि गालातल्या गालात हसायचे, माझं लक्ष नाही असं समजून. आता वासाची भीती मला नव्हती. माझ्याशेजारी बसून हे तसे हसत नव्हते, तेवढंच होतं. आठवड्यानंतर मीच म्हटलं, जा.

मुलीचं रक्त तपासायचं मी टाळत होते. शाळेच्या परीक्षा, सर्दी, पाहुणे, काहीही. शेवटी हे म्हणाले, "कळलेलं बरं." ती तेव्हा सात वर्षांची. सुईला घाबरली, म्हणून घरमालकांना बरोबर न्यायचा हट्ट धरला. "आजोबांना दुखलं नाही, मग मला पण नाही दुखणार." घरमालक धुतलेला शर्ट घालून आले. या खेपेला त्यांनी सकाळपासून पाणीदेखील प्यायलं नव्हतं. त्यांचं रक्त काढायचंच नव्हतं, पण पोरगी उपाशी आहे म्हणून.

जे निघालं ते सांगून टाकते. मुलीला ते आलं आहे, बापाकडून. आज ती संसाराला लागली आहे, रोज गोळी घेते, ठणठणीत आहे. यांना त्या गोळ्या मिळाल्या नाहीत. हे वडिलांच्या वयापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. पण मला सांगायचं आहे ते उत्तर येण्याआधीचं, त्या सकाळचं.

लॅबमध्ये हे स्टुलावर बसले होते, पोरगी मांडीवर. लॅबवाल्या मुलाने तिच्या दंडाला रबर बांधलं. तिची नस बारीक, सापडेना. तिने ओठ घट्ट मिटले, माझ्यासारखे. सुई आत गेली आणि नळीत गडद लाल वर चढू लागलं, तसे घरमालक पुढे सरसावले. शर्टाची बाही वर सारून हात त्या मुलाच्या नाकासमोर धरला. "अरे, माझा घे! बाटली भरून घे आणि घाल ह्या चेडवाच्या अंगात! माका कमी पडणा नाय!"

"आजोबा, असं नसतं हो," मुलगा म्हणाला. "हे घालून येत नाही. हे जन्मातच यावं लागतं."

घरमालकांचा हात तसाच राहिला. त्या हाताची हिरवी टरटरीत नस माझ्यासमोर होती. आणि मी, पूजा केल्याशिवाय घराबाहेर न पडणारी बाई, मनात म्हणाले: जन्मातच यायला हवं होतं ना? मग ही यांची नसती तर. ही या म्हाताऱ्याची असती तर. पाप, लाज, काही आडवं आलं नाही. माझा नवरा हाताच्या अंतरावर बसलेला, माझ्या मुलीला पोटाशी धरून. मी मनातल्या मनात तिचा बाप बदलून टाकला, आणि क्षणभर मला इतकं मोकळं वाटलं की मी श्वास सोडला.

नेमके तेव्हाच हे वर बघून म्हणाले, "हिच्यात माझं काही नको यायला गं."

माझ्या डोक्यातलं यांनी वाचलं असं वाटून मी थिजले. मग माझ्या तोंडून ते निघालं, शाळेत मुलांना सांगते त्या सुरात: "असं बोलू नये."

तेवढंच. पण यांचा चेहरा असा उजळला की मला त्याकडे बघवेना. जिन्यावर हे घरमालकांच्या कानाशी ओरडून म्हणाले, "ऐकलंत मालक? ही म्हणते, असं बोलू नये!"

"मगे? बायल आसा ती तुझी," घरमालक म्हणाले. "तुझ्याच झाडाचा फळ तिका नको वाटतला काय?"

खाली येऊन त्यांनी पोरीला वडापाव घेऊन दिला, माझ्याकडे न बघता. मीही अडवलं नाही. डोंगर चढताना ते पुढे, खांद्यावर पोरगी, तिच्या हातात वडापाव. आम्ही मागे. दर थोड्या पावलांनी हे थांबायचे, छातीवर हात ठेवून श्वास घ्यायचे, आणि पुन्हा चालायचे. एका वळणावर थांबले तेव्हा यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात. भाजीवाल्या बायका बघत होत्या. यांनी असं कधी केलं नव्हतं.

"तू म्हणालीस ना," हे धापा टाकत म्हणाले, "बरं वाटलं."

यांना खरं काय ते सांगता आलं असतं. निदान हात तरी सोडवून घेता आला असता. मी घेतला नाही. वर घरमालकांनी आमची वाट न बघता चाळ गाठली होती, आणि तिथून त्यांचा आवाज येत होता, पोरीला काय काय खायला घालणार त्याची हजेरी. हे ऐकत होते, मान हलवत होते, आणि माझा हात धरून तो उरलेला चढ चढत होते.